एका वाचनात दोन कामे

१९७७ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या अ‍ॅपल-२ संगणकाला पडदा म्हणून घरचा टीव्हीही चालत असे. टीव्ही स्वतः काहीच लक्षात ठेवत नाही. सेकंदाला सुमारे ६० वेळा सगळे ठिपके नव्याने पुरवावे लागतात. त्यासाठी मेमरी अखंड वाचत राहायची, प्रत्येक बाइटवरून अक्षर ओळखायचे आणि त्याचे ठिपके एकामागून एक धाडायचे.

मेमरीचे दुखणे वेगळेच. त्या काळची स्वस्त चिप म्हणजे झिरपणारा माठ! दर २ मिलिसेकंदांत तिची प्रत्येक ओळ वाचून विद्युतभार पुन्हा भरला नाही, तर माहिती पुसली जाई. एरवी या कामाला स्वतंत्र सर्किट लागे. स्टीव्ह वॉझनियाक यांच्या लक्षात आले, की पडद्यासाठी मेमरी वाचली जातेच आहे. प्रोसेसर घड्याळाच्या अर्ध्या ठोक्यातच मेमरी वापरतो. उरलेल्या अर्ध्यात त्यांनी पडद्याचे वाचन बसवले. माठ आपोआप भरत राहिला.

चिपा आणखी वाचाव्यात म्हणून पडद्यावरच्या ४० अक्षरांच्या तीन ओळी १२८ बाइटांत बसवल्या. त्यामुळे मेमरीत पहिल्या ओळीला लागून दुसरी नव्हे, नववी ओळ येई! प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हा हिशेब कायमचा करावा लागला. यंत्र स्वस्त झाले, ते थोडेफार त्यांच्या डोकेदुखीवर.