गाडीबरोबर आलेली धोकटी

१८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील मानहाइम गावची एक गृहिणी आपल्या दोन मुलांना घेऊन माहेरी निघाली. माहेर फोर्ट्‌सहाइमला, म्हणजे सुमारे १०४ किलोमीटर दूर. सासुरवाशिणीने माहेरची वाट धरावी यात आपल्या ओव्यांना नवे असे काही नाही. परंतु ही बाई बैलगाडीने वा आगगाडीने न जाता पतीने बनविलेल्या यंत्रावर बसून, आणि तीही पतीला न सांगता, निघाली होती. तिचे नाव बेर्था बेंझ. कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिचाच हा पहिला लांबचा प्रवास. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती बाईंनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या तारेचे आवरण झिजले, तिथे मोज्याचा बंद गुंडाळला. साखळीसाठी ब्रुखजालच्या लोहाराचे दार ठोठवावे लागले, ब्रेकच्या ठोकळ्यांना एका चांभाराने चामडे ठोकून दिले आणि इंधन मिळाले ते वीसलोखच्या औषधांच्या दुकानात.

तात्पर्य, मोटारीच्या इतिहासातील पहिली हत्यारपेटी एका स्त्रीच्या वेशभूषेतून निघाली. पुढे ही सोय निर्मात्यांनी स्वतःच केली, आणि मोटारीबरोबर हत्यारांची एक गुंडाळी देण्याची प्रथा पडली. तिला आम्ही धोकटी म्हणतो ते उगीच नव्हे. न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, चिमटा ज्याच्या त्याच्या कप्प्यात असतात. तशीच जाड कापडाची अथवा रेक्झिनची ही गुंडाळी, आतून शिवलेल्या कप्प्यांची आणि बाहेरून पट्ट्याने बांधलेली. उलगडावी तो पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि प्लग पाना ओळीने निजलेले दिसावेत.

या हत्यारांचे माहेर शोधू गेल्यास बहुधा एकाच गावी पोचावे लागते. वुपर नदीच्या परिसरातील डोंगराळ मुलखात रेमशाइड नावाचे शहर आहे. शेजारचे सोलिंगेन सुऱ्या-कात्र्यांसाठी जगप्रसिद्ध. रेमशाइडची कीर्ती कानस, पाना, करवत अशा कामकरी हत्यारांची. ओढ्यांच्या पाण्यावर चालणारे घण, आसपासचे लोखंड आणि जंगलातला कोळसा यांवर तिथला धंदा वाढला, आणि माल इतका दूरदूर जाऊ लागला की समुद्रापासून लांब असलेल्या या गावाला लोक ‘डोंगरावरचे बंदर’ म्हणू लागले. (क्ष-किरणांचा शोध लावणारे राँटगेन यांचा जन्म ज्या लेनेप गावी झाला, ते आज याच शहराचा भाग आहे.) हेर्मान त्सेर्फर यांनी १८६८ साली येथे कारखाना काढला, त्यांच्या नावातील ‘एच’ व ‘झेड’ या अक्षरांचा जर्मन उच्चार ‘हा-त्सेट’, त्यावरून हत्यारांना ‘हाझेट’ हे नाव मिळाले. १९१९ मध्ये डोविडाट बंधूंनी ‘गेडोरे’ची स्थापना केली, ‘गेब्र्यूडर’ म्हणजे बंधू, आडनाव आणि गाव या तीन शब्दांच्या आद्याक्षरांची ती जुळणी. ‘हायको’ही इथलेच. १९४३ च्या जुलैअखेरीस ब्रिटिश विमानांनी एका रात्रीत हे शहर जाळले. तरीही दहा-बारा वर्षांच्या आत फोल्क्सवागन आणि पोर्शे गाड्यांच्या गुंडाळ्यांत इथले पाने पुन्हा दिसू लागले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पाना हा दिसावयास सामान्य, पण घडणीत सामान्य नव्हे. तापवलेली पोलादाची कांब साच्यात ठेवून वरून घण सोडतात; कडेला आलेले जादा लोखंड कापून, पुन्हा तापवून आणि निववून त्याला पाणी देतात. पोलादात क्रोमियम व व्हॅनेडियम घातले म्हणजे ते कठीण होते आणि ठिसूळही होत नाही. मात्र कारखान्याकडून गाडीबरोबर मिळणारी हत्यारे दुकानातील उत्तम हत्यारांइतकी झगझगीत नसत. काळपट वा राखाडी रंगाची, अडीअडचणीपुरती, अशीच ती असत. लग्नात दिलेली भांडी आणि रोजची भांडी यांत जो फरक असतो, तोच इथे समजावा. फक्त इथे गाडीबरोबर पाठवली जात ती रोजची.

त्या पान्यांवर आकडे आणि अक्षरे कोरलेली असत, आणि तीच आज इतिहासकाराच्या कामी येतात. ‘डिन ८९५’ हा ठसा जर्मन मानकसंस्थेचा. ही संस्था १९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत स्थापन झाली. दोन्ही टोकांना तोंड असलेल्या पान्याचे माप त्या मानकाने ठरविले होते. जुन्या मानकाप्रमाणे आठ मिलिमीटरच्या बोल्टाचे डोके १४ मिलिमीटर असे, पुढे ते १३ झाले. एवढ्याशा फरकामुळे जुन्या फोल्क्सवागनच्या धोकटीतील पाना नव्या गाडीच्या बोल्टावर सैल बसतो आणि जाणत्याला चटकन कळते की ही हत्यारे या गाडीची नव्हेत. ‘पश्चिम जर्मनी’ हा ठसाही असाच बोलका आहे. देशाचे दोन तुकडे झाले १९४९ मध्ये आणि ते सांधले गेले १९९० मध्ये. तो ठसा मधल्या काळाचाच असावयाचा.

धोकटीत काय असावे हे गाडीच्या स्वभावावर अवलंबून असे. फोल्क्सवागनची बीटल घ्या. युद्ध संपल्यावर ब्रिटिश अंमलाखाली वोल्फ्सबुर्गला तिचे उत्पादन सुरू झाले आणि ५ ऑगस्ट १९५५ रोजी दहा लाखावी गाडी बाहेर पडली. तिच्या इंजिनाला पाण्याचा रेडिएटर नाही. पंख्याच्या हवेने ते थंड होते. हा पंखा आणि वीज निर्माण करणारा डायनॅमो एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा तुटला की वीजही गेली आणि गारवाही गेला. त्यानंतर चार-दोन मैल रेटणे म्हणजे इंजिनाचा जीव घेणे. म्हणून शहाणा मालक पट्ट्याची एक जोड जवळ बाळगी, आणि कप्पीचे नट सोडण्याचा पाना कारखान्यानेच दिलेला असे. पट्ट्याचा ताण कमीजास्त करण्यासाठी कप्पीच्या दोन ताटल्यांमधील पातळ चकत्या काढावयाच्या किंवा घालावयाच्या. कप्पीच्या खाचेत स्क्रू-ड्रायव्हर अडकवून ती धरावयाची, आणि नट फिरवावयाचे. हात काळे होत, परंतु गाडी चालू होई. चाकावरील चकाकती टोपी काढण्यास तारेचा एक आकडाही दिलेला असे. तो पाहिला की आम्हांस त्या टोपीच्या पिनेची आठवण येते.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. बीटलच्या स्टेपनीच्या पोकळीत चपखल बसणारी हाझेटची वाटोळी पेटी अनेकांनी पाहिली असेल. ती फार देखणी, पण गाडीबरोबर फुकट मिळत नसे. हौशी मालक ती वेगळी विकत घेत. आज ती विकताना ‘मूळची’ म्हणून सांगितली जाते.

पोर्शेच्या ३५६ आणि ९११ या मोटारींबरोबरही गुंडाळी असे, जॅक बिल्स्टाइनचा. मर्सिडीजची ३०० एसएल १९५४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला प्रथम दाखविली गेली. जिची चाके मध्यभागी एकाच मोठ्या नटाने बसवलेली असत, तिच्याबरोबर तो नट ठोकण्यासाठी मऊ धातूचा हातोडा लागे. बीएमडब्ल्यूने मात्र गुंडाळी सोडून दिली. तिच्या १९७० आणि १९८० च्या दशकांतील अनेक मोटारींत डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस एक तबक बसविलेले असे. मळसूत्र फिरवले की ते खाली येई, आणि प्रत्येक हत्यार आपापल्या आकाराच्या खळग्यात बसलेले दिसे. गहाळ झालेले हत्यार रिकाम्या खळग्याने लगेच चुगली करी. स्वच्छतेची आवड असणाऱ्यांसाठी हात पुसण्याचे फडकेही त्यात असे.

एवढ्या सगळ्याचा अर्थ काय? निर्माता धोकटी देत असे तेव्हा तो दोन गोष्टी कबूल करीत असे. एक, माझी गाडी कधीतरी बंद पडेल. दुसरी, ती तुम्ही दुरुस्त करू शकाल. या दुसऱ्या कबुलीतील विश्वास आम्हांस मोठा वाटतो. आपल्या देशातही त्याची ओळख होती. १९५४ मध्ये टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांचा करार झाला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजचे ट्रक निघू लागले. तो करार १९६९ पर्यंत चालला. ट्रकबरोबर ड्रायव्हर, क्लीनर आणि सीटखालची हत्यारांची पेटी ही त्रयी आपल्या हमरस्त्यांवर कोणी पाहिली नाही? परप्रांतात, जिथे आपल्या भाषेत बोलणारा मिस्त्री भेटण्याची आशा नसे, तिथे पेटीतील पाना हाच दुभाषा होई.

पुढे हळूहळू पहिली कबुली देण्याची गरज कमी झाली आणि तिच्याबरोबर दुसरीही गेली. १९६७ मध्ये बॉशने इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची इंधनपद्धती फोल्क्सवागन १६०० मध्ये आणली. नंतर ठिणगीचे ‘पॉइंट’ घासण्याचे कामही उरले नाही. जिथे पाना लावण्याजोगे काही नाही तिथे पाना देऊन करावयाचे काय? १९९५ मध्ये पुण्याजवळ पिंपरीस मर्सिडीज मोटारींची जुळणी सुरू झाली, तोवर धोकटी बरीच आकसली होती. त्यानंतर कित्येक गाड्यांतून स्टेपनीही नाहीशी झाली; तिच्या जागी हवा भरण्याचा छोटा पंप आणि भोक बुजविण्याच्या द्रवाची बाटली आली. यात प्रवाशांचे नुकसान झाले असे आम्ही म्हणणार नाही. पावसात, अंधारात, लहान मूल रडत असताना ज्याने चाक बदलले आहे, तो जुन्या दिवसांचे गोडवे बेताने गातो.

आज या धोकट्यांना भाव आला आहे. जुन्या मोटारींच्या स्पर्धांत परीक्षक डिकी उघडावयास लावतात आणि पान्यांवरचे ठसे वाचतात. मागणी आहे म्हणून नव्या बनावटीच्या गुंडाळ्याही निघाल्या आहेत. नकली म्हणून उघडपणे विकल्या तर त्यांत गैर काही नाही; परंतु नव्या पान्यावर जुना ठसा मारून तो ‘मूळचा’ म्हणून खपविला जातो, तेव्हा त्या गाडीच्या इतिहासात एक खोटे पान घुसडले जाते, आणि पुढच्या अभ्यासकास ते काढून टाकणे कठीण होते.

या व्यवहारात सर्वांत अधिक किंमत येते ती कधीच न वापरलेल्या हत्यारांना. तोंडावरचा रंग शाबूत, पट्टा करकरीत, पक्कड तेलात न्हालेली. ज्याची तोंडे झिजली आहेत, ज्यावर पट्टा बदलताना खरचटल्याच्या खुणा आहेत, तो पाना दुसऱ्या पंक्तीत बसतो. आमच्यापुढे कोणी दोन्ही ठेवले, तर आम्ही आधी दुसराच हातात घेऊ.