सोपाऱ्याचा लक्षपाक

वटार, भुईगाव, आगाशी ही वसईच्या पश्चिम पट्ट्यातील गावे बागायतीसाठी प्रसिद्ध असली, तरी त्यांच्या शेजारचे नालासोपारा हे एके काळी शूर्पारक नावाने ओळखले जाणारे समृद्ध बंदर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथे, तर नवव्याचा १९५६ साली भुईगावात मिळाला. जैन परंपरेत मात्र सोपाऱ्याचे नाव राहिले ते एका घरातील भाताच्या पातेल्यामुळे.

कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात रचलेल्या 'परिशिष्टपर्वा'त ही कथा येते. आर्य वज्रस्वामींच्या अखेरच्या काळात बारा वर्षांचा भीषण दुष्काळ पडला होता. स्वामींचा स्वर्गवास परंपरेने वीर निर्वाण संवत ५८४, म्हणजे इसवी सन ५७ च्या सुमाराचा मानला जातो. साधूंना गोचरी मिळेनाशी झाली, तेव्हा स्वामींनी अनशन स्वीकारले. तत्पूर्वी शिष्य वज्रसेन यांना विहारास पाठवताना त्यांनी एक खूण सांगितली : ज्या दिवशी एक लक्ष मोलाच्या अन्नातून भिक्षा मिळेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल.

वज्रसेन सोपाऱ्यास आले. तेथे श्रावक जिनदत्त आणि त्यांची पत्नी ईश्वरी यांचे धनाढ्य कुटुंब राहत होते. घरात द्रव्य होते, धान्य नव्हते. शेवटी लक्ष मोल मोजून एका वेळेपुरते तांदूळ मिळाले. ते शिजवून त्यात विष कालवावे आणि सर्वांनी एकत्रच देह ठेवावा, असे ठरले. भात तयार झाला होता, विष हाताशी होते, एवढ्यात दारी 'धर्मलाभ' असा स्वर आला. ईश्वरीने विष बाजूला ठेवून प्रथम मुनींना भात वहोरावला आणि आपला बेत सांगितला. अन्नाचे मोल ऐकताच मुनींना गुरुवचन आठवले. उद्या सुकाळ होईल, असे सांगून त्यांनी कुटुंबास थांबविले. दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली गलबते बंदराला लागली.

येथे चमत्कारापेक्षा बंदराचा व्यवहार अधिक लक्षात घेण्याजोगा आहे. पाऊस गेल्यावर पैशाने भाव तेवढा चढतो, दाणा वाढत नाही. दाणा आला तो समुद्रमार्गे, दुसऱ्या प्रांतातून. लाख मोजू न शकणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचे त्या बारा वर्षांत काय झाले, याविषयी मात्र कथा मौन बाळगते, आणि हे मौन वाचताना सलते.

पुढे या कुटुंबाने दीक्षा घेतली. नागेंद्र, चंद्र, निर्वृति आणि विद्याधर या चार पुत्रांपासून चार कुले निघाली. आजचे तपागच्छ, खरतरगच्छ आपली परंपरा चंद्रकुलाशी जोडतात. विष न कालवलेल्या त्या भाताचे ऋण इतके दूरवर पोहोचते.

सोपाऱ्याच्या कथेत जे शेजारी दिसत नाहीत, ते तेराव्या शतकात कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडूशाहांच्या चरित्रात दिसतात. हेही समुद्रव्यापारी श्रावकच. विक्रम संवत १३१५ (इ.स. १२५८) च्या सुमारास गुजरात-कच्छमध्ये मोठा दुष्काळ पडला. सर्वानंदसूरींच्या 'जगडूचरिता'नुसार परमदेवसूरींनी आधीच सूचना दिल्यामुळे जगडूशाहांनी ठिकठिकाणी कोठारे भरून ठेवली होती. हे धान्य रंकांसाठी आहे, असे ताम्रपटावर कोरून ते कोठारांत ठेवले होते. त्यामुळे धान्याची मागणी राजा वीसलदेवाकडून आली, तेव्हा प्रथम तो लेखच पुढे करण्यात आला. जगडूशाहांनी उघडलेल्या दानशाळांची संख्या परंपरा ११२ सांगते. तेथे जात न विचारता शिजलेले अन्न मिळे.

पण पंगतीत येऊन बसणे प्रत्येकाला जमत नाही. कालपर्यंत दुसऱ्यांना वाढणाऱ्या घरांना आज ताट पुढे करणे मरणप्राय वाटते. ईश्वरीच्या घरीही बहुधा हीच अडचण असावी. अशा कुटुंबांसाठी जगडूशाह रात्रीच्या अंधारात मोदक पाठवीत. त्यांच्या पोटात सोन्याचे नाणे दडवलेले असे. चरित्रात या मोदकांना 'लज्जापिंड' म्हटले आहे.