जुन्या मोटारींची झिलई



मोटारीचा इतिहास म्हणजे तिच्या एंजिनाचा इतिहास, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. तिच्या अंगावरील रंगाला कोणी इतिहास म्हणत नाहीं. परंतु जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार करणाऱ्या एखाद्या जाणत्या कारागिरास विचारा. तो सांगेल कीं, एंजिन बदलतां येतें, चाकें नवीं बसवितां येतात. पण कारखान्यांत चढलेला मूळ रंग एकदां घासून गेला, म्हणजे तो कांहीं केल्या परत मिळत नाहीं. या रंगाची ओळख कशी पटवावी आणि त्यास झिलई कशी द्यावी, हा आजचा विषय आहे. आणि त्याचा धागा आपल्या उल्हासनगरापाशींच सांपडतो.

उल्हासनगर हें मूळचें युद्धाचें अपत्य. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्कराची छावणी पडली. १९४७ च्या फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांस आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वसाहतीची कोनशिला बसून तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. गांवाचे भाग अजूनही 'कँप'च्या आंकड्यांनींच ओळखले जातात. युद्धासाठीं जें निर्माण झालें तें संसाराच्या उपयोगीं पडलें. मोटारीच्या रंगाची कुळकथा याहून फारशी वेगळी नाहीं.

प्रारंभीच्या मोटारी म्हणजे बिनघोड्यांच्या बग्ग्याच. तेव्हां त्यांचा रंगही बग्गीचाच असे. जवसाच्या तेलांतील रंग कुंचल्यानें द्यावा, वाळूं द्यावा, प्यूमिस दगडाच्या भुकटीनें घासावा, पुन्हां थर द्यावा आणि शेवटीं वार्निश चढवावें. यांत आठवडेच्या आठवडे जात. फोर्ड कंपनीनें १९१४ पासून १९२५ पर्यंत आपली 'टी' मोटार केवळ काळ्या रंगांत विकली. तो काळा रंग डांबराच्या जातीच्या खनिजापासून केलेला असून भट्टीच्या उष्णतेनें पक्का होई.

मग पहिलें महायुद्ध आलें. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची क्रिया केली म्हणजे स्फोटक द्रव्य तयार होतें. १९१८ सालीं युद्ध संपलें, तेव्हां हें द्रव्य करणाऱ्या कारखान्यांपुढें नव्या धंद्याचा प्रश्न उभा राहिला. त्याच द्रव्याचें सौम्य रूप विरघळवून ड्यू पाँट कंपनीनें जनरल मोटर्ससाठीं १९२३ सालीं 'ड्यूको' नांवाचा लॅकर तयार केला, आणि १९२४ च्या निळ्या ओकलंड मोटारी त्यानें रंगून बाहेर पडल्या. फवाऱ्यानें मारावयाचा हा रंग कांहीं तासांत वाळे. पुढें १९२८ सालीं जनरल मोटर्सनें मुंबईस शिवडी येथें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. कंपनी गेली, मोटारी गेल्या. पण 'ड्यूको' हा शब्द आपल्याकडील सुतारांच्या तोंडीं आजही आहे, आणि उल्हासनगरच्या फर्निचर बाजारांत कपाटाच्या गुळगुळीत रंगासही तेंच नांव मिळतें. सेल्युलोजचाच दुसरा अवतार शेजारीं शहाडला सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यांत कृत्रिम रेशमाच्या धाग्याच्या रूपानें पाहावयास मिळतो.

आतां ओळखीकडे वळूं. लॅकर केवळ द्रावण उडून जाऊन वाळतो. म्हणून थिनर लावतांच तो पुन्हां विरघळतो. भट्टींत पक्कें झालेलें एनॅमल तसें विरघळत नाहीं. ही परीक्षा नेहमीं झांकलेल्या जागीं, डिकीच्या अस्तराखालीं किंवा दाराच्या रबराआड, करावी. पांढऱ्या चिंधीवर थोडें पॉलिश घेऊन हलकेंच चोळलें आणि चिंधीस रंग लागला, तर वरचा थर रंगाचाच आहे. कांहींच लागलें नाहीं, तर वर पारदर्शक थर आहे, जो १९८० नंतर सर्वत्र रूढ झाला. नाण्याएवढी जागा पाण्यांत भिजविलेल्या बारीक पॉलिश पेपरनें उतरती घासली, म्हणजे झाडाच्या बुंध्यांतील वलयांप्रमाणें एकाखालीं एक थर दिसूं लागतात. मोटार कितीदां रंगविली गेली, हें तेथें वाचतां येतें.

कांहीं रंग मात्र फसवे असतात. १९३० च्या सुमाराच्या कांहीं उंची मोटारींच्या रंगांत माशांच्या खवल्यांपासून काढलेलें मोत्यासारखें चमकणारें द्रव्य घातलेलें असे. पुढें त्याची जागा ॲल्युमिनियमच्या चुऱ्यानें घेतली. असा रंग पारदर्शक थरावांचून असेल, तर चिंधीवर राखी छटा उतरते, आणि जोर केल्यास कण उघडे पडून काळवंडतात. लष्करी जीपचा ऑलिव्ह रंग तर मुद्दाम निस्तेज केलेला असतो, कारण चकाकी शत्रूच्या नजरेंत भरते. त्यावर पॉलिश फिरविणारा मनुष्य सेवा करीत नसून पुरावा पुसत असतो. त्यास साधें पाणी आणि मऊ कापड पुरे.

आपल्या टापूची हवाही विसरूं नये. बदलापूरच्या पावसाळ्यांत लॅकर फवारला तर द्रावण उडतांना पृष्ठभाग थंड होतो, हवेंतील बाष्प त्यावर बसतें आणि रंग दुधाळ होतो. म्हणून लॅकरचें काम कोरड्या दिवसांसाठीं राखून ठेवणें बरें. झिलई देतांना सर्वांत सौम्य पॉलिश आधीं, सावलींत, हातानें. आणि कडांवर हात हलका, कारण तेथें थर सर्वांत पातळ असतो. जुन्या पिवळ्या व तांबड्या रंगांत पुष्कळदां शिसें असे. म्हणून असा रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवूं नये.

अंबरनाथच्या शिवालयांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. दगड स्वच्छ दिसावा म्हणून कोणी तो खरवडला असता, तर मंदिर उजळलें असतें आणि साल हरवलें असतें. मोटारीचें आयुष्य त्या मानानें अगदींच थोडें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी काल-परवांपर्यंत मुंबईच्या नाक्यानाक्यावर टॅक्सी म्हणून उभी असे. ऑक्टोबर १९२३ नव्हे, २०२३ मध्यें ती त्या कामांतून कायमची निवृत्त झाली. जी वस्तु काल सामान्य होती ती आज दुर्मिळ होते, आणि तिचा मूळ रंग तर तिच्याहूनही दुर्मिळ. म्हणून ज्यांच्या दारीं अशी एखादी जुनी गाडी उभी असेल त्यांनीं आधीं तिचा रंग ओळखावा, आणि मगच चिंधी हातीं घ्यावी.