पर्टुसिस विषरोधी प्रतिपिंडे

डांग्या खोकल्यास कारणीभूत असणाऱ्या बोर्डेटेला पर्टुसिस जीवाणूचे विष ओळखण्यासाठी व मोजण्यासाठी प्रयोगशाळेत वापरली जाणारी प्रतिपिंडे (पाहा : डांग्या खोकला).

उगम : झ्यूल बोर्दे व ऑक्ताव्ह झांगू यांनी १९०६ मध्ये हा जीवाणू कृत्रिम माध्यमावर वाढवल्याचे प्रसिद्ध केले. सुरुवातीची प्रतिपिंडे प्राण्यांना प्रतिजन टोचून त्यांच्या रक्तद्रवातून मिळवत. कोलर व मिलस्टाइन यांच्या १९७५ मधील संकरपेशी तंत्रामुळे एकाच प्रतिजनस्थानाला जुळणारी प्रतिपिंडे सातत्याने मिळू लागली (पाहा : मोनोक्लोनल प्रतिपिंडे).

वैशिष्ट्ये : विषात एस-१ ते एस-५ हे उपघटक असून एस-४ दोनदा येतो. एस-१ हे विकर पेशीतील जी-प्रथिनात बदल घडवते. उरलेले उपघटक पेशीला चिकटतात. ‘१बी७’ हे प्रतिपिंड एस-१ ला, तर ‘११ई६’ हे एस-२ व एस-३ यांना जुळते; दोन्ही विष निष्प्रभ करतात. एलायझा चाचणीत एक प्रतिपिंड विष पकडते व विकर जोडलेले दुसरे रंग निर्माण करते (पाहा : एलायझा).

महत्त्व : पेशीविरहित लशीतील विषाभाची ओळख व प्रमाण तपासण्यासाठी ही प्रतिपिंडे लागतात (पाहा : त्रिगुणी लस). रोगनिदान मात्र जीवाणू-संवर्धन, पीसीआर किंवा रुग्णाच्या रक्तातील विषविरोधी आयजीजी मोजून होते.