मिशिगन सरोवराचे दत्तकविधान

मिशिगन राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावरील लडिंग्टन, मॅनिस्टी, फ्रँकफर्ट, ग्रँड हेवन या बंदरांतून, आणि समोरच्या विस्कॉन्सिनच्या तीरावरील शेबॉयगन, पोर्ट वॉशिंग्टन, किनोशा येथून, उन्हाळ्याच्या दिवसांत तांबडे फुटण्यापूर्वीच लहानलहान यांत्रिक नौका भाडे देणारे प्रवासी घेऊन पाण्यात शिरतात. नौकेवर बहुधा एकच कुटुंब असते. आजोबा, आईबाप, दोन मुले, क्वचित एखादा पाहुणा. सॅमन आणि ट्राउट हे मासे गळाला लावून दुपारच्या आत परतावे, मुलाच्या हातातील माशाचे छायाचित्र घ्यावे आणि मांस बर्फात घालून घरी न्यावे, एवढाच त्यांचा मनोरथ असतो. हा दृश्य सोहळा पाहणारास वाटावे की, सरोवर निर्माण झाले तेव्हापासून हा मासा येथे आहे आणि माणसाने गळ घडविला तेव्हापासून ही प्रथा येथे चालत आली आहे. वस्तुस्थिती अशी की, हा सॅमन या पाण्याचा औरस पुत्र नव्हे. राज्याच्या मत्स्यविभागाने मंजुरी देऊन, खर्चाची तरतूद करून, विधिपूर्वक घेतलेले ते दत्तक आहे, आणि त्या दत्तकविधानास अद्याप एका माणसाच्या आयुष्याएवढीही वर्षे झालेली नाहीत.

मिशिगन सरोवराचा विस्तार सुमारे 58,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याइतका आहे. त्याची कमाल खोली 281 मीटर आहे. या थंड, गोड्या, खोल पाण्याचा मूळचा स्वामी लेक ट्राउट हा मासा होता. तो सावकाश वाढतो, सहासात वर्षांचा झाल्यावर प्रजननक्षम होतो, आणि दीर्घायुषी असतो. ओडावा व ओजिब्वे या आदिवासी समाजांची उपजीविका शतकानुशतके या माशावर आणि व्हाइटफिशवर चालत आली, आणि एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी याच माशांवर मासेमारीचा मोठा व्यापार उभारला. सॅमन मात्र तेथे नव्हता. अटलांटिक सॅमन पूर्वेकडील आँटॅरिओ सरोवरापर्यंत येई, कारण त्यापुढे नायगाराचा धबधबा आडवा होता, आणि तेथूनही तो ते शतक संपता संपता नाहीसा झाला.

परका मासा आणून वसविण्याची कल्पना जुनी आहे. 1871 साली अमेरिकेत संघीय मत्स्य आयोग स्थापन झाला आणि त्याचा पहिला आयुक्त स्पेन्सर बेअर्ड याने पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील मॅक्लाउड नदीवर चिनुक जातीच्या सॅमनची अंडी गोळा करण्याचे केंद्र उघडविले. ही अंडी आगगाडीने पूर्वेकडे नेऊन त्यांची पिले महासरोवरांत, म्हणजे मिशिगन व त्याच्या शेजारच्या सरोवरांत, सोडण्यात आली, पण त्यांचा वंश टिकला नाही. त्याच काळात आणलेला ट्राउट मात्र रुजला. 1876 साली मिशिगनच्या ओ सॅबल नदीत पश्चिम किनाऱ्याकडील रेनबो ट्राउट सोडला गेला, आणि 1884 साली जर्मनीहून आलेल्या अंड्यांतून निपजलेला तपकिरी ट्राउट बॉल्डविन नदीत. दोघेही तेथे इतके एकजीव झाले की आज त्यांना कोणी उपरे म्हणत नाही.

यानंतरचा पाहुणा आमंत्रणावाचून आला. नायगाराला वळसा घालून जहाजे वर नेण्यासाठी खोदलेला वेलंड कालवा 1829 साली खुला झाला होता. त्या वाटेने, विलंबाने का होईना, समुद्री लॅम्प्री हा परजीवी प्राणी वरच्या सरोवरांत शिरला. 1921 साली तो ईरी सरोवरात आणि 1936 साली मिशिगनमध्ये आढळला. जबडा नसलेला, ईलसारखा लांबट, वर्तुळाकार तोंडात दातांची वलये असलेला हा जीव माशाच्या कुशीला चिकटून त्याचे रक्त शोषतो, आणि आपल्या हयातीत सुमारे 18 किलो वजनाच्या माशांचा फडशा पाडू शकतो. आधीच अतिरेकी मासेमारीने खंगलेल्या लेक ट्राउटवर हा घाला बसला तेव्हा त्याचा निभाव लागणे अशक्य होते. मिशिगन, ह्युरॉन व सुपीरिअर या वरच्या तीन सरोवरांतून वर्षाकाठी सुमारे दीड कोटी पौंड लेक ट्राउट निघत असे, तो 1960 च्या दशकारंभी तीन लाख पौंडांवर आला. मिशिगन सरोवरातून तर तो जवळजवळ निर्वंश झाला. कोळ्यांच्या बोटी धक्क्याला लागून कुजू लागल्या आणि अमेरिका व कॅनडा या दोन सरकारांना 1954 साली करारनामा करून संयुक्त मत्स्य आयोग नेमावा लागला. ह्युरॉन सरोवरावरील हॅमंड बे येथील प्रयोगशाळेत व्हर्नन ॲपलगेट व त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे सहा हजार रसायने तपासून, ओढ्यांच्या गाळात वाढणारी लॅम्प्रीची पिले मारील परंतु इतर माशांना सहसा अपाय करणार नाही असे एक द्रव्य निवडून काढले. तेव्हापासून ते ठरावीक ओढ्यांत आळीपाळीने ओतले जाते. हा रोगाचा नायनाट नव्हे, नित्याचे पथ्य आहे. 2020 आणि 2021 साली साथीमुळे ते वेळापत्रक विस्कटले, तशी लॅम्प्रींची संख्या पुन्हा वर गेली.

घरचा धनी गेल्यावर घरात उंदीर माजावेत त्याप्रमाणे, मोठा शिकारी मासा नष्ट झाल्यावर एलवाइफ नावाचा हेरिंगच्या कुळातील रुपेरी सागरी मासा मिशिगनमध्ये बेसुमार फोफावला. 1949 साली तो तेथे प्रथम दिसला आणि पंधरावीस वर्षांच्या आत सरोवरातील एकूण माशांच्या वजनात त्याचाच वाटा बहुतांश झाला. गोड्या पाण्यातील तापमानाचे चढउतार त्याला मानवत नाहीत. त्यामुळे वसंतात त्याचे थवेच्या थवे मरून किनाऱ्याला लागत, आणि 1967 च्या उन्हाळ्यात तर मृत माशांचा खच इतका पडला की शिकागोपासून उत्तरेपर्यंतच्या चौपाट्या दुर्गंधीने ओस पडल्या आणि ढीग उपसण्यासाठी यंत्रे लावावी लागली.

या दुर्दशेतच हॉवर्ड टॅनर या अधिकाऱ्याला संधी दिसली. कोलोरॅडोत नोकरी करून 1964 साली आपल्या मूळ राज्यात परतलेल्या टॅनरकडे मिशिगनच्या मत्स्यविभागाची सूत्रे आली. त्याच्यापुढे मार्ग दोन होते. संघीय मत्स्यखात्याचा कल लेक ट्राउट पुन्हा वसवावा आणि एलवाइफ पकडून त्याचा व्यापारी उपयोग करावा, असा होता. टॅनरचा विचार निराळा होता: एलवाइफ हा उपद्रव नसून फुकट मिळालेले खाद्य आहे; ते खाणारा असा मासा आणावा की जो वेगाने वाढेल, गळाला लागल्यावर झुंजेल आणि शहरातील नोकरदार माणसाला सुटीच्या दिवशी सरोवराकडे ओढून आणील. पश्चिम किनाऱ्यावरील मत्स्यबीज केंद्रांत नव्या खाद्यामुळे पिलांची वाढ सुधारली होती आणि ऑरेगॉन राज्याकडे कोहो सॅमनची अंडी शिल्लक पडू लागली होती. टॅनरने ती मागितली, आणि सुमारे दहा लाख अंडी मिशिगनला आली. वेन टोडी या त्याच्या सहकाऱ्याच्या देखरेखीखाली ती वाढवून 1966 च्या वसंतात प्लॅट नदी, बेअर ओढा आणि सुपीरिअर सरोवराला मिळणारी बिग ह्युरॉन नदी यांत आठ लाखांहून अधिक पिले सोडण्यात आली. संघीय सरकारने 1965 साली संमत केलेल्या कायद्यामुळे अशा कामास अनुदानही मिळू लागले होते.

समुद्रात वाढून प्रजननासाठी नदीत चढणारा मासा कोकणच्या वाचकाला पाला या नावाने परिचित आहे. कोहो त्याच रीतीचा, फरक एवढाच की येथे समुद्राच्या जागी सरोवर होते. ज्या नदीच्या पाण्याचा वास पिलाने लहानपणी घेतला त्या नदीतच तो परततो, आणि अंडी घातल्यावर मरतो. 1966 च्या शरदातच काही अल्पवयीन नर परतले. पुढल्या वर्षी दहा-पंधरा पौंडांचे कोहो प्लॅटच्या मुखाशी दाटीने जमले आणि ही वार्ता पसरताच बंदराबंदरांतील खाणावळी, मुक्कामाची ठिकाणे आणि होड्या विकणारी दुकाने माणसांनी फुलून गेली. त्याच 1967 मध्ये चिनुकचीही पिले सोडण्यात आली. कोहोला मत्स्यबीज केंद्रात सुमारे दीड वर्ष पोसावे लागते, चिनुक मात्र पहिल्याच वसंतात नदीत सोडता येतो; म्हणून तो स्वस्त पडला, आकाराने मोठा झाला आणि काही वर्षांतच या सरोवराचा मानकरी ठरला.

या उत्साहाला आरंभीच गालबोट लागले. 23 सप्टेंबर 1967 रोजी फ्रँकफर्टच्या उत्तरेस सरोवरात अकस्मात वादळ उठले. साध्या नद्यांत चालणाऱ्या पसरट होड्या घेऊन शेकडो हौशी लोक कोहोमागे आत गेले होते. लाटांनी होड्या उलटल्या आणि सातजण बुडून मेले. मिशिगनला सरोवर म्हणावे, पण लेखावे समुद्र, हा धडा हौशी मंडळींना त्या दिवशी मिळाला. ज्याच्यापाशी मोठी नौका नाही, वाऱ्याचा अंदाज नाही आणि मासा कोणत्या खोलीवर आहे याचे ज्ञान नाही, अशा कुटुंबाला हे सारे भाड्याने पुरविणारा कप्तान याच गरजेतून पुढे आला. जे कोळी जाळ्यावर पोट भरत त्यांच्यापैकी काही, आणि कारखान्यांतून निवृत्त झालेले बरेच, तटरक्षक दलाचा परवाना काढून या धंद्यात शिरले. अशा नौकेवर नियमाने सहापर्यंतच भाडे देणारे उतारू घेता येतात, आणि कुटुंबाच्या सहलीचा आकारही सहसा तेवढाच असतो.

या धंद्याचे तंत्र पाहण्यासारखे आहे. उन्हाळ्यात सरोवराचे वरचे पाणी तापते आणि सॅमन खालच्या थंड थराशी जाऊन राहतो. तेथवर आमिष नेण्यासाठी नौकेच्या मागील बाजूस तारेच्या रहाटांवर दहाबारा पौंडांचे शिशाचे गोळे टांगलेले असतात. गळाची दोरी या गोळ्याशी एका चिमट्यात अडकवून हव्या त्या खोलीवर सोडतात आणि नौका मंद गतीने चालवीत राहतात. दोरीच्या टोकाला चमच्याच्या आकाराचा धातूचा पत्रा लकाकत असतो. अंधार असेल तेव्हा अंधारात चमकणारा पत्रा विजेरीच्या प्रकाशात धरून मगच पाण्यात सोडतात. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते, कमानीसारखी वाकलेली काठी क्षणभर ताठ होते व लगेच पुन्हा खाली खेचली जाते, आणि खलाशी ती उचलून ज्याची पाळी असेल त्याच्या हाती देतो. दहा वर्षांच्या मुलीची पाळी असली तर काठीचा बुंधा तिच्या कमरेच्या पट्ट्यात टेकवून तो मागे उभा राहतो. परंतु दोरी गुंडाळण्याचे चाक फिरविण्याचा मान तिचाच. वीस मिनिटांनी मासा जाळीत येतो. किनाऱ्यावर परतल्यावर खलाशी लांब सुरीने दोन बाजूंचे मांस काट्यापासून अलग करून पिशव्यांत भरतो आणि बक्षिशीची वाट पाहतो.

हा आनंद ज्यांना मिळाला त्यांच्या मागे, ज्यांचा हक्क गेला ते उभे होते. मासा अन्नासाठी की क्रीडेसाठी, या प्रश्नाचा निवाडा मिशिगन राज्याने क्रीडेच्या बाजूने केला. व्यापारी कोळ्यांचे परवाने आकुंचित झाले आणि ज्यांत मासा कल्ल्यांशी अडकतो त्या उभ्या जाळ्यांवर निर्बंध आले. आदिवासी समाजांनी मात्र 1836 चा तहनामा पुढे केला. त्या तहाने त्यांनी जमीन सोडली होती, मासेमारीचा हक्क नव्हे. 1979 साली संघीय न्यायाधीश नोएल फॉक्स यांनी तो हक्क मान्य केला, तेव्हा बंदरांत कटुता माजली आणि सरोवराच्या वाटणीचा तंटा पुढे करारनाम्यांनी मिटवावा लागला. मासाही निर्दोष राहिला नव्हता. 1969 साली डीडीटीचे प्रमाण अधिक आढळल्याने कोहोचा मोठा साठा संघीय अधिकाऱ्यांनी जप्त केला आणि त्याच वर्षी मिशिगनने डीडीटीवर बंदी घातली. आजही गरोदर स्त्रिया व मुलांनी या सरोवराचा मासा किती खावा याविषयी सरकारी सूचना निघतात.

परंतु या व्यवस्थेची खरी कसोटी, चिनुक जेथेही सोडला होता त्या शेजारच्या ह्युरॉन सरोवरात लागली. कास्पियन प्रदेशातून जहाजांच्या तळाशी तोल राखण्यासाठी भरलेल्या पाण्यातून आलेल्या शिंपल्यांनी सूक्ष्म जीव गाळून घेतल्यामुळे एलवाइफचे खाद्य आटले, आणि वर चिनुकची तोंडे जास्त. 2004 च्या सुमारास एलवाइफ कोसळला आणि त्यापाठोपाठ चिनुकही. त्या किनाऱ्यावरील गावांचा सहलींचा धंदा बसला. पण ज्या एलवाइफच्या आहारामुळे जीवनसत्त्वाची उणीव होऊन लेक ट्राउटची पिले दगावत, तो एलवाइफ जाताच लेक ट्राउट तेथे आपोआप प्रजनन करू लागला. दत्तक गेला आणि औरस परतला.

हे पाहून मिशिगन सरोवराभोवतीच्या राज्यांनी सॅमनची पिले सोडण्याचे प्रमाण 1999, 2006, 2013 आणि 2017 साली कमी केले. कप्तानांनी काही वेळा त्याला विरोध केला, काही वेळा स्वतः कपातीची मागणी केली. तथापि या कारभारात एक गोष्ट कोणाच्याही तरतुदीत नव्हती. पिलांना खुणा करून केलेल्या गणनेतून असे दिसले की, मिशिगन सरोवरातील निम्म्याहून अधिक चिनुक आता मत्स्यबीज केंद्रांत नव्हे, तर मॅनिस्टी, पेअर मार्केट अशा नद्यांच्या खडीत जन्मलेले आहेत. सरकार पिले सोडणे कमी करू शकते, नदीला तसा हुकूम देता येत नाही. म्हणून आज लडिंग्टनच्या धक्क्यावर कुटुंब जे भाडे देते त्यात इंधन, बर्फ आणि कप्तानाचे कौशल्य येते; ओढ्यांतील विष, अंड्यांची जोपासना आणि माशांची मोजदाद यांचा खर्च कर, परवाने आणि दोन देशांच्या तिजोऱ्या सोसतात, आणि सरोवरात शेवटी किती मासे असावेत याचा निर्णय मात्र, टॅनरच्या सहीने आलेल्या त्या परक्या माशाने, दफ्तराच्या हातून बराचसा आपल्याकडे घेतला आहे.