मामाची फाईल आणि इंडो-जर्मन चेंबर

गेल्या शनिवारी भोसरीला मामाच्या वर्कशॉपवर गेलो होतो. त्याचा बिलिंगचा कॉम्प्युटर बसला होता, आणि घरात सॉफ्टवेअरवाला भाचा असला की प्रिंटरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात पडतं हे तुम्हाला सांगायला नकोच. विंडोज पुन्हा टाकायला वेळ लागतो, म्हणून चहा झाला, भजी झाली आणि मग मामाने कपाटातून एक खाकी फाईल काढली.

साल २००३. मामाने दक्षिण जर्मनीतल्या एका छोट्या कंपनीला पितळेचे टर्न केलेले पार्ट पाठवले होते. पहिल्या लॉटचे पैसे ठरल्या दिवशी आले. त्यामुळे दुसरा लॉट चांगला चौपट, आणि तोही उधारीवर. त्याचे पैसे आलेच नाहीत. मामाने फॅक्स पाठवले, ई-मेल केले, फोन केले. शेवटी तिकडून एक पत्र आलं, संपूर्ण जर्मनमध्ये. वाचायला कोणी नाही म्हणून ते तीन आठवडे टेबलावर पेपरवेटखाली पडून राहिलं. ओळखीच्या एका मुलीने वाचून दाखवलं तेव्हा कळलं, की कंपनी दिवाळखोरीत गेली आहे, पत्र कोर्टाने नेमलेल्या प्रशासकाचं आहे आणि दावा लावायची मुदत चार दिवसांपूर्वीच संपली आहे. मामाने फाईल बंद केली. मुदतीनंतरही तिकडच्या कायद्याने दावा लावता येतो, थोडी फी जास्त पडते इतकंच, हे त्याला कळलं दोन वर्षांनी. तोवर उशीर झाला होता.

"अरे, पैसे गेले त्याचं एवढं नाही. कोणाला विचारायचं हेच माहीत नव्हतं," मामा म्हणाला.

घरी येताना बाईकवर हेच वाक्य डोक्यात फिरत होतं. कारण या एका प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी मुंबईत १९५६ पासून एक संस्था आहे : इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्स. मग काय, रविवार त्यातच गेला.

चेंबर म्हटलं की आपल्याला पुण्यातलं मराठा चेंबर आठवतं (स्थापना १९३४). एका गावातले, एका प्रांतातले व्यापारी-कारखानदार एकत्र येतात, सरकारकडे गाऱ्हाणी मांडतात. द्विपक्षीय चेंबर हा त्याहून वेगळा प्राणी. इथे दोन देशांतल्या कंपन्या एकाच संस्थेच्या सभासद असतात. विकणाराही आत, घेणाराही आत. जर्मनांनी परदेशातलं आपलं असं पहिलं चेंबर १८९४ साली ब्रुसेल्समध्ये काढलं. भारतात यायला त्यांना आणखी बासष्ट वर्षं लागली. का लागली, तर मधे दोन महायुद्धं होती आणि त्यांचा एक धागा थेट आपल्या नगरपर्यंत येतो.

जर्मनांचा आणि भारताचा धंदा तसा जुना. लंडन ते कलकत्ता तारयंत्राची लाईन १८७० साली सुरू झाली, ती सीमेन्स भावंडांनी टाकलेली. रशिया, इराण करत सुमारे ११,००० किलोमीटर, आणि उद्घाटनाचा संदेश अर्ध्या तासाच्या आत पोचला. (आमच्या एका क्लायंटचं व्हीपीएन आठवून मला गहिवरून आलं.) १८९७ मध्ये बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि काही वर्षांत आपल्याकडच्या निळीच्या शेतीचा बाजार उठला. म्हणजे नातं काही फार प्रेमाचं होतं असं नाही. पण पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटन वगळता जर्मनी हे भारतीय मालाचं मोठं गिऱ्हाईक होतं. कलकत्त्याच्या कातड्याच्या व्यापारावर तर जर्मन पेढ्यांची चांगलीच पकड होती.

१९१४ साली हे सगळं एका फटक्यात थांबलं. ब्रिटिश भारतात जर्मन माणूस म्हणजे शत्रू. पेढ्या बंद, मालमत्ता जप्त, आणि पुरुष मंडळींची रवानगी अहमदनगरच्या छावणीत (आताचं अहिल्यानगर). काल-परवापर्यंत ज्यांच्या सहीवर हुंड्या फिरत होत्या ती माणसं तारेच्या कुंपणाआड. विशीच्या दशकात ते परत आले. रंग, औषधं, विजेचं सामान यात पुन्हा जम बसवला. आणि १९३९ मध्ये पुन्हा तेच. पुन्हा नगर. हाइनरिक हारर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक कराचीत पकडला गेला तो आधी नगरला, मग देवळालीला आणि तिथून डेहराडूनला. डेहराडूनहून तो १९४४ मध्ये पळाला आणि तिबेटमध्ये पोचला, ती गोष्ट सिनेमामुळे सगळ्यांना माहीत आहे. छावण्यांत हाररसारखे गिर्यारोहक थोडे. बाकी मिशनरी होते आणि कंपन्यांचे एजंट, इंजिनियर, हिशेबनीस होते.

यात नुकसान नेमकं कशाचं झालं? इमारती आणि यंत्रं परत उभी करता येतात. पण 'अमक्याचा शब्द पक्का', 'तमका बिल लांबवतो पण बुडवत नाही' ही जी माहिती असते, ती माणसांच्या डोक्यात असते. माणसं गेली की तीही जाते. सिनियर डेव्हलपर डॉक्युमेंटेशन न करता सोडून गेला की प्रोजेक्टचं काय होतं हे आपल्यातल्या अनेकांनी भोगलंय. इथे तर पंचवीस वर्षांत दोनदा अख्खी टीम उचलून नेली होती.

आता १९५०चं दशक घ्या. भारताला यंत्रं हवीत आणि पश्चिम जर्मनीला गिऱ्हाईकं. राउरकेलाच्या पोलाद कारखान्यासाठी क्रुप आणि डेमागशी करार झाला. टेल्कोने १९५४ मध्ये डायम्लर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. दुसरी पंचवार्षिक योजना १९५६ची. त्याच वर्षी जुलैमध्ये नेहरू पश्चिम जर्मनीच्या दौऱ्यावर गेले (तेही नगरच्या किल्ल्यात तीन वर्षं काढलेले, योगायोग बघा). आणि त्याच वर्षी मुंबईत हे चेंबर उभं राहिलं.

पुढचं नाव आपल्या रोजच्या बोलण्यातलं आहे. १९५८ साली मूळचे नगरचे नवलमल फिरोदिया यांनी हँबुर्गकडच्या 'टेम्पो' गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू केली. घर बदलताना आपण जो 'टेम्पो' बोलावतो, मग तो कुठल्याही कंपनीचा असो, त्याला ते नाव जर्मन कंपनीवरून पडलं. हा करार चेंबरने घडवला असं मी म्हणत नाहीये हां. मोठे करार मोठी माणसं स्वतःच करतात. चेंबरची गरज असते ती त्यांच्या खालच्या थराला.

कारण तो काळ लायसन्सचा. १९५७-५८ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली. यंत्र मागवायचं तर आयात परवाना, मग रिझर्व्ह बँकेची चलनासाठी परवानगी, मग लेटर ऑफ क्रेडिट. तिकडे जर्मन कारखानदाराला कळेना, की गिऱ्हाईक हो म्हणतंय, पैसेही आहेत, मग ऑर्डर आठ महिने का अडकते? दोघंही प्रामाणिक, आणि दोघांनाही वाटतंय समोरचा टोलवतोय. अशा वेळी दोन्ही बाजूंची कागदपत्रं आणि दोन्ही बाजूंचे स्वभाव माहीत असलेला तिसरा माणूस लागतो.

चलनाचं एक उदाहरण देतो. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला. तेव्हा चार मार्कांचा एक डॉलर होता. म्हणजे एक लाख मार्कांचं यंत्र हप्त्यांवर घेतलं असेल, तर देणं १ लाख १९ हजारांवरून एका रात्रीत १ लाख ८७ हजार ५०० झालं. यंत्र तेच, कारखाना तोच! हप्ते पुढे ढकलून मागायचे तर ते कुठल्या भाषेत, कुठल्या सुरात आणि कोणाकडे? हे काम दूतावास करत नाही. राजदूत "ही कंपनी वेळेवर पैसे देते का?" असं उघड विचारू शकत नाही, आणि सांगू तर त्याहून नाही. बँक फक्त कागद बघते. चेंबर या दोघांच्या मधे उभं असतं. थोडा पैसा जर्मन सरकारचा, बाकी सभासदांची वर्गणी आणि कामांची फी. सभासदत्व ऐच्छिक. जर्मनीत स्थानिक चेंबरचं सभासद होणं कंपन्यांना कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून तिकडच्या नोंदी बऱ्यापैकी पक्क्या असतात आणि इथल्या ऑफिसला त्या जाळ्याचा उपयोग होतो.

रोजचं काम बघितलं तर अगदीच साधं. भागीदार शोधून देणं, समोरची कंपनी कशी आहे ते तपासणं, शिष्टमंडळं नेणं, प्रदर्शनात स्टॉल मिळवून देणं, थकबाकीसाठी पत्र लिहिणं. हॅनोव्हरच्या मेळ्यात भारत १९८४, २००६ आणि २०१५ असा तीनदा भागीदार देश होता. त्या हॉलमधे पिंपरी-चिंचवडचे कारखानदार ब्रीफकेसमध्ये थेपले घेऊन फिरलेले आहेत, हे मी चुलत्यांकडून ऐकलंय. १९९१ मध्ये चेंबरने मुंबईत प्रशिक्षण केंद्रही काढलं, थोडे दिवस वर्गात आणि थोडे दिवस कंपनीत, अशी जर्मन पद्धत. पुढे मर्सिडीज पुण्यात आली, २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, आणि मोठ्या गाडीमागे सुट्या भागांच्या लहान कंपन्यांची रांग लागली. आज या चेंबरचे चार हजारांच्या वर सभासद आहेत. जर्मनीच्या परदेशातल्या चेंबरांत सभासदसंख्येने हे सगळ्यांत मोठं मानलं जातं.

आता टीका. पहिली गोष्ट, चेंबर कोणाला पैसे द्यायला लावू शकत नाही. त्याच्या पत्राला वजन असतं, हुकूमत नसते. दुसरी, काटा थोडा झुकलेला आहेच. आपण जर्मनीकडून वर्षानुवर्षं विकतो त्यापेक्षा जास्त घेत आलोय, आणि यंत्र विकणाऱ्याला जेवढी घाई असते तेवढी पितळी पार्ट विकणाऱ्याची कोणाला नसते. तिसरी मला सगळ्यांत जास्त खटकते. ज्याला याची खरी गरज, त्याला हे दार दिसतच नाही. फोक्सवॅगनला वकील परवडतात. मामाला नाव तरी ऐकून माहीत होतं का? होतं. "ते मोठ्या कंपन्यांचं, कफ परेडला टाय लावून जायचं ठिकाण," असं त्याचं मत. वर्गणी किती आहे हेही त्याने कधी विचारलं नाही. दुसऱ्या लॉटआधी त्या कंपनीची चौकशी करून घ्यायला जो खर्च आला असता, तो त्या लॉटच्या पॅकिंगइतका तरी असता की नाही शंका आहे.

काल संध्याकाळी कॉम्प्युटर परत द्यायला गेलो, तेव्हा मोबाईलवर ते जुनं पत्र स्कॅन करून भाषांतर केलं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, की काही शंका असल्यास सकाळी नऊ ते बारा फोन करावा. खाली नंबर. त्या मुलीने तेव्हा एवढं वाचून दाखवलं नव्हतं.

मामाने ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, "नऊ ते बारा म्हणजे आपले किती?"

"उन्हाळ्यात साडेबारा ते साडेतीन."

"म्हणजे जेवणाची सुट्टी," मामा म्हणाला, आणि माल भरायला टेम्पो आला होता म्हणून उठून बाहेर गेला.