तारीख पे तारीख सोडा, इथे दारच बंद होतं!

तर मंडळी, साथ आली की कोर्टाचं कामकाज लांबतं, हे काही २०२० मध्ये सुरू झालं नाही. १६६५ च्या प्लेगमध्ये लंडनच्या मोठ्या कोर्टांचं सत्र ऑक्सफर्डला हलवलं होतं.

पुण्याच्या प्लेगमध्ये मला खटकतं ते वेगळंच. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा. चारच कलमं! चौथं सांगतं, या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कामाबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही. म्हणजे रँडचे सोल्जर देवघरापर्यंत घुसोत, सामान जाळोत, ‘सद्हेतू’ म्हटलं की संपलं.

मग २२ जून १८९७, गणेशखिंड. चिंचवडच्या चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. (हो, तुमचा रोजचा चापेकर चौक, त्यांचाच.) आता मात्र कोर्ट जोरात चाललं. १८ एप्रिल १८९८ ला दामोदरपंतांना येरवड्यात फाशी. मुंबई इलाख्यातून प्लेग तेव्हाही गेला नव्हता बरं का.

मार्च २०२० मध्ये हाच कायदा पुन्हा बाहेर निघाला. फरक इतकाच, की सुप्रीम कोर्टाने १५ मार्चपासून दाव्या-अपिलांच्या मुदती थांबवल्या. चाकणला अडकलेल्या माणसाचं अपील त्यामुळे वाचू शकत होतं. कलम ४ मात्र जागच्या जागी होतं.